रुळाचा बसलेला जॉइंट उचलायचा कसा: रेल्वेच्या गँगमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

भरतीत ३५ किलोचं वजन उचलून १०० मीटर २ मिनिटांत गेलात, १००० मीटर सव्वाचार मिनिटांत पळालात (ताईंना २० किलो आणि पळायला ५ मिनिटं ४० सेकंद), मेडिकल झालं, ट्रेनिंग झालं, आणि गँगमध्ये पहिल्याच आठवड्यात मेट (गँगचा मुख्य) म्हणतो, "जा, लूपवरचा तो जॉइंट पाहून ये." लूप म्हणजे स्टेशनातली बाजूची लाईन, जॉइंट म्हणजे दोन रुळांचा जोड. तुम्ही जाता, वाकून पाहता, चारही बोल्ट जागेवर, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) जागेवर, परत येऊन सांगता "चांगला आहे". अन् सगळी गँग खो खो हसते. माझं तंतोतंत असंच झालं होतं. आमचे मेटकाका म्हणाले, "काऊन रे भाऊ, डोये घरी ठेवून आला काय? गाडी जाऊ दे त्याच्यावरून, मंग सांग."

मालगाडी आली तेव्हा समजलं. प्रत्येक चाकाला जॉइंट खाली दबत होता, वर येत होता, गिट्टीतून पांढरा भुसा उडत होता आणि आवाज टक-टक असा नाही तर धप-धप असा. उभ्या असलेल्या जॉइंटला आणि बसलेल्या जॉइंटला नुसतं पाहून फरक समजत नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

आता कोणी म्हणेल की आजकाल सगळं वेल्डिंग झालं, लांबच लांब रूळ, जॉइंट राहिले कुठे. मेन लाईनवर खरं आहे. पण यार्डात, लूप लाईनला, वर्धा-बल्लारशा पट्ट्यातल्या कोळशाच्या सायडिंगांत, पॉइंट-क्रॉसिंगच्या आसपास, आणि रूळ तुटल्यावर तात्पुरता तुकडा टाकतात तिथे, फिशप्लेटचा जॉइंट आहेच. माझे मोठेबाबा शकुंतलेच्या लाईनीवर होते, मूर्तिजापूर-यवतमाळ, ७६२ मिलिमीटरची छोटी पटरी, ते सांगायचे की तिथे जॉइंट हेच काम, सकाळी जॉइंट आणि संध्याकाळी जॉइंट.

मी जे लिहून राहिलो ते १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजचं आहे, साध्या चार बोल्टच्या जॉइंटचं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही नाही. जॉइंट बसला की आपण पहिले खालून गिट्टी ठोकतो. ते शेवटचं काम आहे, पहिलं नाही. आधी वरचं लोखंड नीट करा, मग खालची गिट्टी. उलट केलं तर पंधरा दिवसांत तोच जॉइंट, तीच गँग, तेच बीटर (गिट्टी ठोकायचं अवजार). मी तीन महिने केलंय हे, सांगतो पुढे.

## १) सोबत काय पाहिजे

कागद: ओळखपत्र, तुमचं सक्षमता प्रमाणपत्र (कॉम्पिटन्सी म्हणतात सगळे), गँग डायरी आणि ब्लॉकचा (लाईनीवर गाडी बंद ठेवल्याचा) मेमो, हा साहेबांकडे राहतो पण घेतलाय की नाही हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका.

सामान:
- फिशबोल्टचा पाना, मापाचाच
- हातोडा, सब्बल, वायर ब्रश, खरवडायला पत्री
- १ मीटरची स्ट्रेट एज आणि ३० सेंटिमीटरची छोटी
- फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), गॅप मोजायची टेपर गेज
- गेज-कम-लेव्हल (दोन रुळांमधलं अंतर आणि उंची पाहायला)
- भिंग आणि आरसा (हो, दाढीचा चालतो)
- खडू, रॉकेल, चिंध्या
- ग्राफाइटची पेस्ट, बोल्टसाठी काळं ऑइल
- रुळाचा थर्मामीटर
- जॅक, तोही नॉन-इन्फ्रिंजिंग, म्हणजे गाडी आली तर आडवा येणार नाही असा
- फावडी, पंजा, टोपली
- लाल-हिरवी झेंडी, बॅनर फ्लॅग (लाईनीवर आडवं लावायचं लाल कापड), फटाके (रुळावर ठेवायचे, चाकाखाली वाजून ड्रायव्हरला सावध करणारे), शिट्ट्या
- दोन-चार जास्तीचे बोल्ट-नट, एक जोडी फिशप्लेट, शिम (फट भरायची पातळ पत्री)
- विजेच्या लाईनीखाली असाल तर जम्पर (रुळांची दोन टोकं जोडणारी तार)

पाणी प्रत्येकी निदान ४ लिटर. मे महिन्यात खिशात कांदा ठेवायचा का हे मी सांगणार नाही, मी ठेवतो.

फिशप्लेट नेताना रुळाच्या पोटावर (मधल्या उभ्या भागावर) पाहा, वजन आणि कारखान्याचा शिक्का उठलेला असतो. ५२ किलोच्या (एका मीटरचं वजन) रुळाला ५२ ची प्लेट, ६० ला ६० ची. एका बाजूला ५२ आणि दुसऱ्या बाजूला ६० असेल तर तिथे जोडप्लेट वेगळीच येते, कॉम्बिनेशनची. टोपलीत जी हाताला लागली ती नेली आणि दोन किलोमीटर चालून गेल्यावर बसलीच नाही, असं करू नका. उन्हात ते दोन किलोमीटर परत येताना आठवतात.

## २) आधी स्वतःला वाचवा

हे वाचायला कंटाळा येतो म्हणून लोक सोडून देतात.

ब्लॉक म्हणजे त्या लाईनीवर इतका वेळ गाडी घेणार नाही असं स्टेशन मास्तरांकडून लेखी मिळालेलं. ते मिळाल्याशिवाय नटला पाना लावायचा नाही. "दोन मिनिटांचं काम आहे, गाडी तासाभराने आहे" हे वाक्य ज्या दिवशी ऐकाल त्या दिवशी पाना खाली ठेवा. ब्रॉडगेजला गाडी थांबवायची असेल तर कामापासून ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग आणि १२०० मीटरवर तीन फटाके, एकमेकांपासून १०-१० मीटरवर. दोन्ही बाजूला माणूस पाहिजे, मोबाइल न पाहणारा. बाजूच्या लाईनीवरची गाडी हा सगळ्यात मोठा धोका, आपल्या लाईनीला ब्लॉक असतो आणि आपण बिनधास्त मागे सरकतो थेट दुसऱ्या पटरीवर.

दुसरं, वीज. आपल्याकडे वर २५ हजार व्होल्टची तार आहे हे सगळ्यांना दिसतं, तिच्यापासून २ मीटर लांब राहायचं हेही माहीत असतं. पण परतीचा करंट रुळातून जातो हे नवीन माणसाच्या डोक्यातच येत नाही. दोन्ही फिशप्लेट काढल्या म्हणजे तुम्ही त्या करंटचा रस्ता तोडला. म्हणून प्लेट खोलण्याआधी दोन्ही रुळांच्या टोकांना जोडणारा जम्पर घट्ट बसवायचा आणि काम संपल्यावर सगळ्यात शेवटी काढायचा. जम्पर नसताना एक हात या रुळावर आणि दुसरा त्या रुळावर ठेवून गॅप पाहायला वाकलात, तर रस्ता तुम्ही झालात.

तिसरं, सिग्नल. यार्डात बहुतेक ठिकाणी ट्रॅक सर्किट असतं, म्हणजे रुळातूनच सिग्नलचा करंट फिरतो आणि दोन्ही रूळ जोडले गेले की गाडी उभी आहे असं समजतं. मी एकदा लोखंडी टेप दोन्ही रुळांवर आडवा टाकला, गेज पाहायला, दोन सेकंद फक्त. तिकडे सिग्नल लाल, स्टेशनवरून फोन, आणि उभ्या राहिलेल्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून आमच्याकडे पाहून राहिला. सब्बल, पाना, साधी टेप, काहीही दोन्ही रुळांवर एकदम टेकू द्यायचं नाही. आणि जिथे जॉइंटच्या मध्ये काळं फायबर दिसतं किंवा प्लेटा चिकटवलेल्या दिसतात तो इन्सुलेटेड नाहीतर ग्लूड जॉइंट, तो आपला नाही, सिग्नलवाल्यांना सोबत घेतल्याशिवाय हात लावू नका. पुढचं सगळं साध्या जॉइंटचं.

## ३) रोग ओळखा

गाडी जाताना बाजूला (सुरक्षित अंतरावर हं) उभं राहून पाहा, आणि गेल्यावर जवळ जाऊन बसा. चार-पाच खुणा असतात.

गिट्टीवर पांढरं पीठ पडलेलं: स्लीपर खालून पोकळ आहे, गिट्टी दळली जाऊन राहिली. फिशप्लेटच्या कडेला लालसर तांबूस भुकटी: प्लेट आणि रूळ एकमेकांवर घासतात. नटच्या भोवती चकचकीत गोल: नट ढिला आहे, हलतो. रुळाच्या डोक्याची टोकं चपटी होऊन बाहेर पसरलेली: चाकं तिथे आदळतात. आणि पावसाळ्यात काळ्या चिखलाची पिचकारी, ती तर आपली खास वऱ्हाडी गोष्ट आहे, काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, आणि जॉइंटच्या प्रत्येक धक्क्याला खालून वर गिट्टीत चढते. एकदा गिट्टीत गाळ भरला की पाणी निघत नाही आणि मग कितीही ठोका.

मग मापं. ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या, रुळाच्या टोकाची उंची आणि टोकापासून ३० सेंटिमीटरवरची उंची, यातला फरक म्हणजे टोक किती मार खाऊन चपटं झालं ते, याला बॅटर म्हणतात. मग १ मीटरची पट्टी जॉइंटवर बरोबर मधोमध ठेवा. जॉइंटजवळ पट्टीच्या खाली फट दिसली तर रुळाची टोकंच खाली वाकलीत, हे हॉगिंग. हा फरक नीट समजून घ्या कारण इलाज वेगळा आहे. पॅकिंग (स्लीपरखाली ठोकलेली गिट्टी) ढिलं असेल तर गाडी नसताना जॉइंट बऱ्यापैकी सरळ दिसतो, गाडीखाली दबतो. टोकं वाकली असतील तर गाडी असो नसो, पट्टीखाली उजेड दिसतोच. वाकलेल्या रुळाला खालून गिट्टी ठोकून सरळ करायला जाणारा माणूस मी पाहिला आहे, आरशात.

## ४) गॅप मोजा, उन्हाचा हिशेब धरा

रूळ तापला की वाढतो. १३ मीटरचा रूळ दर १ डिग्रीला साधारण ०.१५ मिलिमीटर वाढतो. कमी वाटतं ना? पण आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे रूळ १०-१२ डिग्रीला असतो आणि मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ असताना रूळ ६० च्या वर जातो, हात ठेवून पाहू नका. म्हणजे ५० डिग्रीचा फरक, म्हणजे एका रुळाला साडेसात मिलिमीटर. ती जागा गॅपमध्ये नसेल तर रूळ कुठे जाईल? बाजूला. बकलिंग म्हणतात ते हेच.

म्हणून हिवाळ्यात गॅप दिसला की "लय रुंद झाला" म्हणून धावू नका आणि उन्हाळ्यात बंद दिसला की "मस्त" म्हणू नका. आधी थर्मामीटर लावा, मग गॅप मोजा, डायरीत दोन्ही लिहा. नुसता गॅप लिहिला आणि तापमान नाही लिहिलं तर तो आकडा रद्दी. सगळ्या जॉइंटचे गॅप सकाळी एका दमात मोजून घ्यायचे, कारण दहा वाजेपर्यंत रूळ तापतो आणि पहिल्या जॉइंटचा आकडा शेवटच्याशी जुळत नाही.

एकामागे एक सहापेक्षा जास्त गॅप बंद (जाम) दिसले, किंवा रूळ सरकत सरकत १५० मिलिमीटरच्या जवळ आला (क्रीप), तर हे तुमच्या-माझ्या हातचं जॉइंटचं काम नाही, साहेबांना सांगा, रूळ ओढून गॅप वाटावे लागतील. ते न करता एकट्या जॉइंटवर मेहनत वाया. एक गॅप खूप रुंद आणि त्याच्या शेजारचे दोन बंद असतील तर दुखणं त्या शेजाऱ्यांत आहे, प्लेट गंजून धरलेली असते, रूळ सरकतच नाही, सगळी ओढ एकाच जॉइंटवर.

## ५) खोला

वंगणाचं आणि खोलायचं काम थंडीत, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. वर्षातून एकदा प्रत्येक जॉइंट खोलून पुसून वंगण लावून बंद झालाच पाहिजे. भर उन्हाळ्यात दुपारी जाम झालेला जॉइंट खोलायला जाऊ नका, रूळ आधीच दाबात असतो, शेवटचा बोल्ट निघताना काय होईल सांगता येत नाही.

एका वेळी एकच जॉइंट. समोरासमोरचे दोन्ही तर अजिबात नाही. हा बंद झाला, बोल्ट कसले, मगच पुढचा.

नट गंजला असेल तर आदल्या दिवशीच ऑइल टाकून ठेवा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. मी लावला होता, नट तर निघाला पण घालताना पण तोच पाइप लावला, बोल्ट ताणून बारीक झाला, चौथ्या दिवशी अर्धा तुटून गिट्टीत. पान्याची लांबी उगाच ठरवलेली नसते, तेवढ्या दांड्यावर माणसाचा जोर जेवढा येतो तेवढाच बोल्टला पाहिजे.

प्लेट निघाली की सगळ्यांना घाई होते पुसून लावायची. थांबा. न पुसता आधी पाहा. ही जागा पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा मला सगळं समजलं, म्हणून थोडं लांबवतो.

फिशप्लेट रुळाच्या पोटाला चिकटत नाही, चिकटली नाही पाहिजे. ती वरून रुळाच्या डोक्याच्या खालच्या उतारावर आणि खालून पायाच्या वरच्या उतारावर पाचरीसारखी अडकते. बोल्ट कसला की पाचर आत ओढली जाते आणि दोन्ही रूळ एका उंचीत धरले जातात. आता वर्षानुवर्षं धक्के बसले की वरचा उतार घासतो, पण सगळीकडे सारखा नाही, अगदी मधोमध, जिथे रुळांची टोकं येतात तिथे सगळ्यात जास्त. प्लेट हातात घेऊन उन्हाकडे तिरपी धरा, वरच्या कडेला मधे बोटभर-दोन बोट चकचकीत खळगा दिसेल, कडेला मात्र काळा गंज तसाच. नख फिरवा, लागतो. तसाच खळगा रुळाच्या डोक्याखाली, तो वाकून आरसा धरून पाहावा लागतो. पाचर घासली की बोल्ट कितीही कसा, प्लेट आत जाऊन रुळाच्या पोटाला टेकते, बोल्ट घट्ट लागतो, पाना फिरत नाही, तुम्ही खूश, आणि जॉइंट ढिलाच. बैलबंडीच्या आखाची जागा घासली की वंगण कितीही ओता, चाक डुलतंच, तसं.

माझा तो तीन महिन्यांचा जॉइंट हाच. एका छोट्या स्टेशनच्या लूपवर, एका बाजूला पऱ्हाटी, दुसऱ्या बाजूला पळस, दर पंधरा दिवसांनी आम्ही तिथे. उचला, ठोका, लेव्हल बरोबर, डायरीत सही. परत बसला. मेटकाका सुटीवर होते. आले, अन् म्हणाले, "प्लेट काढली होती काय कोणी?" कोणीच नव्हती काढली.

आता पुसा. वायर ब्रशने रुळाची आणि प्लेटची घासणारी जागा चकचकीत करा, जुनं डांबरासारखं वंगण पत्रीने खरवडा.

मग भेगा. बोल्टच्या भोकापासून तिरप्या रेषा निघतात, ताऱ्यासारख्या, स्टार क्रॅक म्हणतात. आरशाने ऊन आत टाका आणि भिंगाने पाहा. शंका असेल तर त्या जागी रॉकेल लावा, कोरडं पुसा, खडू फासा, भेगेत शिरलेलं रॉकेल खडूवर ओली रेषा काढतं. रेषा दिसली तर काम तिथेच थांबवा आणि साहेबांना फोन. भेग असलेल्या रुळावर नवी प्लेट लावून झाकणं यासारखा गुन्हा नाही.

## ६) काय लावायचं ते ठरवा

प्लेटच घासली आणि रूळ चांगला: नवी जोडी, विषय संपला.

प्लेट तुटली किंवा तडकली: जोडी बदला, नुसती एक नाही.

दोन्ही घासले: इथे सगळे फसतात. नवी कोरी प्लेट लावली तरी जॉइंट महिन्याभरात बसतो आणि लोक म्हणतात माल खराब. माल खराब नाही भाऊ. नवी प्लेट सरळ आहे आणि रूळ मधे घासलेला, मग ती कडेला टेकते आणि मधे फट तशीच. तिथे टेपर शिम पाहिजे, मधे जाड आणि कडेला पातळ होत जाणारी पत्री, जी प्लेट आणि रुळाच्या डोक्याच्या मधे बसते. किंवा मधे उंचवटा देऊन परत दाबून काढलेली प्लेट. प्लेट तात्पुरती बसवून फीलर गेजने मधली फट मोजा, तेवढीच शिम. गावठी उपाय म्हणून पत्र्याचा तुकडा कापून घालू नका, सपाट तुकडा चार गाड्यांत बाहेर येतो, मी उचलले आहेत.

रुळाची टोकं वाकलेली किंवा फार चपटी: शिम, पॅकिंग काही उपयोगाचं नाही. टोकं वेल्डिंगने भरतात, मशीनने सरळ करतात, नाहीतर टोक कापून नवीन भोकं पाडतात, किंवा रूळच बदलतात. हे वरून ठरतं. तुमचं काम मोजून सांगणं. फक्त कापताना आणि भोक पाडताना तुम्ही तिथे असाल तर इतकं पाहा: रूळ करवतीने कापायचा, भोक ड्रिलने पाडायचं, गॅसने दोन्ही नाही, आणि भोकाच्या कडा चँफर करायच्या, म्हणजे धार मारून तिरप्या. धारदार कडेतूनच ताऱ्याची भेग सुरू होते.

## ७) वंगण, आणि बंद करा

ग्राफाइट पावडर ३ भाग आणि रॉकेल २ भाग, वजनाने, घट्ट पेस्ट झाली पाहिजे, पिठल्यासारखी नाही, ठेच्यासारखी. रुळाच्या आणि प्लेटच्या घासणाऱ्या उतारांवर लावा. बोल्ट आणि नटच्या आट्यांना काळं ऑइल. जुने कपडे घाला, हा काळा रंग निरम्याने निघत नाही, घरी बोलणी बसतात.

शिम असेल तर ती आधी बसवा, मग प्लेटा, चारही बोल्ट हाताने घाला. कसताना आधी मधले दोन, मग बाहेरचे दोन. मग हातोड्याने प्लेटवर हलके ठोके द्या म्हणजे पाचर जागेवर बसते, आणि परत त्याच क्रमाने कसा. दुसऱ्या फेरीत नट थोडा फिरतोच, नाही फिरला तर समजा पहिल्याच वेळी जास्त आवळला. आवळून जाम करायचा नाही, रुळाला थंडी-उन्हात सरकता आलं पाहिजे.

जॉइंटच्या दोन्ही बाजूच्या सिमेंटच्या स्लीपरवर चावी वेगळी असते, जे-क्लिप, कारण साधी चावी (इआरसी म्हणतात) फिशप्लेटला अडते. काढली असेल तर तीच परत लावा. नवीन पोरं तिथे साधी चावी हातोड्याने घुसवतात.

## ८) आता गिट्टी

आता. आधी नाही.

चिखल असेल तर जॉइंटखालची आणि दोन्ही बाजूच्या खोबणीतली (स्लीपरांच्या मधली) गाळाची गिट्टी बाहेर काढा, चाळा किंवा टाकून द्या, आणि पाणी बाजूला निघून जाईल असा आडवा चर काढा. हे पावसाआधी झालं पाहिजे, आपल्या मातीत जुलैत खणायला गेलात तर फावडं निघत नाही.

जॅकने उचला, गरजेपुरतंच, आणि समोरच्या रुळाची लेव्हल बघत बघत. जॉइंटचे दोन्ही स्लीपर आणि त्यांच्या शेजारचे, दोन्ही बाजूचे, सगळे पॅक करा. एकटा जॉइंटचा स्लीपर उंच केला तर गाडीला उचकी लागते. दाब रुळाच्या खाली पाहिजे, स्लीपरच्या मधोमध नाही. मधे गिट्टी घट्ट झाली की सिमेंटचा स्लीपर तराजूसारखा मधे टेकतो आणि वरून तडकतो, म्हणून मधली गिट्टी थोडी मोकळी ठेवायची. बीटर मारत असाल तर सिमेंटच्या कोपऱ्यावर बसू देऊ नका, टवके उडतात. ऑफ-ट्रॅक टॅम्पर (गिट्टी ठोकायचं छोटं यंत्र) मिळाला तर उत्तम, नाहीतर फावड्याने मोजून बारीक गिट्टी रुळाच्या जागेखाली सारायची पद्धत मला बीटरपेक्षा बरी वाटते, हळू होते पण टिकते.

बाजूचा खांदा भरून घ्या. गेज आणि लेव्हल पाहा, लिहा.

## ९) निघण्याआधी आणि नंतर

सामान मोजा. पाना, सब्बल, आरसा, सगळं. जम्पर काढा, सगळ्यात शेवटी. मग ब्लॉक परत.

पहिली गाडी जाईपर्यंत थांबा आणि पाहा. डायरीत लिहा: तारीख, जॉइंटची जागा, तापमान, गॅप, प्लेट बदलली की नाही, शिम किती, भेग पाहिली का. तीन-चार दिवसांनी परत जाऊन चारही बोल्ट पान्याने तपासा, वंगण लावलेला जॉइंट गाड्यांखाली थोडा बसतो आणि नट पाव-अर्धा फेरा घेतातच. ही दुसरी फेरी कोणी सांगत नाही म्हणून बहुतेक जण जात नाहीत. कीमन, म्हणजे लाईन तपासत चालणारा, रोज त्याच रस्त्याने जातो, त्याला जॉइंटचा नंबर सांगून ठेवा, आणि स्लीपरवर खडूने तारीख टाका.

लूपवरच्या त्या जॉइंटला आम्ही शेवटी शिम टाकली, डिसेंबरात. मेटकाकांनी पुढची मालगाडी जाताना कान देऊन ऐकलं, बिडी विझवली, अन् म्हणाले, "आता टक-टक म्हनते. चाल, डबा काढ."

त्यांचा जवसाची चटणी अन् भाकरीचा डबा होता, माझा पोळी-भाजीचा. चार दिवसांनी बोल्ट कसायला मीच गेलो होतो, दोन नट पाव-पाव फेरा फिरले.